कानापर्यंत जाणारा हात

ज्यांच्या गळ्यात आत्ता हाताची झोळी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधं, एक्स-रे, हाड किती दिवसांत जुळतं, हे तुमचे डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

मी शिरूरला राहते. मुलींच्या एका वसतिगृहाचं कोठीघर सांभाळते. धान्य, साबण, चादरी, केरसुण्या, सगळं माझ्या हातून येतं-जातं. कामांची यादी डोक्यात तयार ठेवायची माझी सवय आहे आणि घरचे त्यावरून मला भरपूर चिडवतात. दर रविवारी मी स्कूटरवरून दौंडला आईकडे जात असे. वडील रेल्वेत होते. ते गेल्यापासून आई दौंडला आपल्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते.

तिला ते झेपतं. एकच अडचण आहे. तिचे दोन्ही खांदे म्हातारपणानं आखडलेत. हात छातीपर्यंत येतात, त्याच्या वर जात नाहीत. भाकरी होते, भांडी होतात, अंगण झाडून होतं. डोक्यावरून न्हाणं होत नाही, वेणी होत नाही, दांडीवर लुगडं वाळत पडत नाही, फळीवरचा डबा निघत नाही. ही कामं आठवडाभर साठायची आणि रविवारी मी ती उरकायची. बाई लावून पाहिली होती. "परक्या बाईपुढं मान घालून न्हायला बसू व्हय मी?" म्हणून आईनं तिला दुसऱ्याच आठवड्यात चहा पाजून परत पाठवलं.

थोडक्यात, आईचं ते घर माझ्या दोन हातांवर चालत होतं. त्यातला एक हात या हिवाळ्यात गेला.

रस्त्यावरचा ऊस

कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यांवर ऊस सांडलेला असतोच. त्या रविवारी इनामगावच्या अलीकडे माझ्या पुढं उसाची ट्रॉली होती. मी अंतर ठेवून होते, वेगही नव्हता. सांडलेल्या एका उसावर पुढचं चाक चढलं, ऊस फिरला आणि त्याच्याबरोबर चाकही. मी डाव्या खांद्यावर पडले.

हाड मोडल्याचा आवाज येतो म्हणतात. मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की उठायला गेले तर डावा हात उचललाच जाईना. खांद्याला कोणी भरलेली पिशवी अडकवावी तसा तो खाली ओढत होता. उजव्या हातानं मी तो पोटाशी धरला, आणि धरला तरच श्वास घेता येत होता.

मागून दुसरा ट्रॅक्टर येत होता. चालवणारा उडी मारून आला.

"ताई, उठू नका. कुठं लागलंय?"

"आईचा डबा बघा," मी म्हणाले. "डबा सांडला का?"

"डब्याला काय न्हाई झालं. गाडीबी बरी हाय. तुमचा खांदा बघा आधी, खाली गेलाय त्यो." त्यानं आपला गमछा सोडून माझ्या गळ्यात बांधला आणि त्यात माझा हात ठेवला. मग एक पिकअप थांबवली. "कुठं सोडायचं? शिरूर का दौंड?"

"दौंड. आई वाट बघत असेल."

त्याचं नाव विचारायचं राहिलं. गमछा धुऊन घडी करून ठेवला आहे.

मंगळसूत्र

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीतला मुलगा म्हणाला, "काकू, गळ्यातलं काढावं लागेल. नेमकं हाडावर येतंय."

लग्नानंतर मी ते कधी काढलं नव्हतं. मला यात काही वाटणार नाही अशी माझी समजूत होती. पण एका हातानं ते मला निघेना, त्या मुलानं काढायचं हे त्याला बरं वाटेना आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. शेवटी तो बाहेरून सिस्टरना घेऊन आला. त्यांनी ते काढून माझ्या उजव्या मुठीत दिलं आणि म्हणाल्या, "घट्ट धरा. तुमच्याचकडे आहे." त्या क्षणी मला रडू आलं. पडल्यापासून तोवर आलं नव्हतं.

आई रिक्षानं आली. सोबत शेजारच्या रूथमावशी. त्या आमच्या गल्लीतल्या चर्चच्या मागं राहतात, आईच्या बरोबरीच्या आहेत आणि त्या दोघींचं चाळीस वर्षांचं भांडण-प्रेम आहे. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणारं ते आडवं हाड, ज्याला सगळे कॉलरबोन म्हणतात, मधोमध मोडलं होतं. एक टोक वर, एक खाली.

"ऑपरेशनची गरज दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "झोळीत हात ठेवायचा. जुळेल. थोडा उंचवटा राहील तिथं."

मी विचारायला सुरुवात केली. कामावर कधी? स्कूटर कधी? पाण्याची बादली कधी? डोक्याच्या वर हात कधी जाईल?

ते हसले. "पहिल्या तिन्हीचं मी सांगेन. शेवटचं तुमच्यावर आहे. खांदा जपायचा. पण बोटं, मनगट, कोपर रोज हलवायचं, आणि मी सांगेन तेव्हा खांद्याचा व्यायाम सुरू करायचा. टाळायचा नाही."

आम्ही तिघी बायका ते ऐकत होतो. बाहेर आल्यावर आईला त्यातलं एकच आठवत होतं. "जपायचं म्हनालेत."

"देवानं हाडच मोडलं, डोकं राखलं," रूथमावशी म्हणाल्या. "आभार मान."

"तुमच्या देवाला ऊस उचलायला काय झालं हुतं?" आई म्हणाली.

माहेरपण

ह्यांचं म्हणणं होतं, शिरूरला चल. पण ते सकाळी सातला शिक्रापूरला कंपनीत जातात, रात्री येतात. मुलगी सासरी, नाशिकला. आईनं विषय संपवला. "लेक आजारी पडली की माहेरीच येती. तुमी रविवारी या जेवायला."

मग मी आईकडे राहिले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला माहेरपण मिळालं.

आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकीनं काडी इकडची तिकडं करायची नाही अशी पद्धत आहे. करू दिली तर चारचौघांत आईची मान खाली जाते. धडधाकट लेकीला हा नियम, तर हात मोडून आलेल्या लेकीचं काय होत असेल? पाण्याचा तांब्यासुद्धा मला उचलू दिला नाही. मी पाटावर बसायची आणि आई तिच्या छातीइतक्या उंचीवरून मला अंघोळ घालायची. तिचे हात वर जात नाहीत, म्हणून तिनं मला खाली बसवलं. बावन्न वर्षांच्या बाईच्या पाठीला अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई साबण लावत होती, आणि मान पुसताना पूर्वी म्हणायची तेच म्हणत होती, "किती मळ गं, कुठं लोळत हुतीस?"

कपड्यांचं आधी ठरवून घ्या. डोक्यातून घालायचं काहीच चालत नाही. पुढं बटणं असलेले ह्यांचे जुने शर्ट मी वापरले. दुखरा हात आधी बाहीत, बरा हात नंतर. काढताना उलट. आईला माझा तो अवतार आवडला नव्हता. कोणी भेटायला आलं की ती आधी माझ्या अंगावर शाल टाकायची, मग दार उघडायची.

झोप सपाट अंथरुणावर येत नाही. भिंतीला उशांची उतरंड करून अर्धं बसून झोपावं लागतं. कोपराखाली एक छोटी उशी हवी, नाहीतर हाताचा भार हाडावर येतो. खोकला आणि शिंक यांची मी इतकी धास्ती घेतली होती, की आई फोडणी देण्याआधी ओरडून सांगायची, "शोभे, मिरची टाकते गं!" आणि मी तोंडावर रुमाल घेऊन अंगणात पळायची.

भेटायला येणारे येतच होते. बिस्किटं, सफरचंदं आणि सल्ले. एकजण हाड बांधणाऱ्या वैद्याचं नाव देऊन गेला. दुसऱ्यानं कोंबडीचा रस्सा सांगितला. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. हात अजिबात हलवू नकोस.

मी कोपर हलवायला झोळीतून हात काढला की आई स्वयंपाकघरातून यायची. "ठिव आत."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय रातीला तुझ्या उशाशी बसनार हाय? ठिव."

मी ठेवायची. इतक्या वर्षांत मला कोणी असं दटावून बसवलं नव्हतं. वसतिगृहात शंभर मुलींना मी बसवते. खरं सांगायचं तर मला ते गोड लागत होतं. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, हाड छान धरतंय, आता फिजिओथेरपी सुरू करा. आई घरी येताना रिक्षात म्हणाली, "आत्ता कुठं सांधतंय, आन् लगेच हलवा म्हनत्यात. आनिक पंधरा दिस जाऊ दे." मी जाऊ दिले. ते पंधरा दिवस मला फार महाग पडले.

प्रकाश येऊन गेला

प्रकाश माझा धाकटा भाऊ. हडपसरला असतो, नोकरी चांगली आहे, स्वभावही. तो एका दुपारी आला, माझ्याजवळ बसला, फळं कापून दिली. मग म्हणाला, "ताई, आईला मी पुण्याला नेतो."

"का?"

"तुझा हात असा. बरा झाला तरी तू परत त्याच रस्त्यानं दर रविवारी स्कूटरवर येणार? दाजींनाही ते नको आहे. आणि तू आली नाहीस तर इथं आईचं कोण करणार? उन्हाळ्यात मुलांना सुट्ट्या लागल्या की येतो. घर भाड्यानं देऊन टाकू."

त्याचं चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

तो गेल्यावर मी तिला विचारलं, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"जाशील?"

"चौथ्या मजल्यावर हाय त्याचं घर. तिथं दार उघडलं की दुसऱ्याचं दार दिसतं." तिनं परात पुसून भिंतीला लावली. "इथं दार उघडलं की मला समदे इचारत्यात, म्हातारे, उठलीस व्हय? तिथं कोन इचारंल?" थोड्या वेळानं म्हणाली, "तुझा हात बरा झाला म्हंजी न्हाई नेनार त्यो. तू बरी हो."

म्हणजे आता माझा खांदा एकट्या माझा राहिला नव्हता.

हात छातीशी थांबला

झोळी निघाली त्या दिवशी मी खुशीत होते. हात हलका वाटत होता, पातळ झाला होता, पण माझा वाटत होता. घरी आल्याबरोबर वाळलेलं लुगडं काढायला दांडीकडे गेले. उजवा हात वर गेला. डावा छातीपर्यंत आला आणि थांबला. मी जोर लावला, तर हाताऐवजी सगळा खांदाच कानाकडे चढला. दुखलं म्हणून थांबला असता तर कळलं असतं. तो पुढं जायचा रस्ताच बंद असल्यासारखा थांबला.

आई उंबऱ्यात बसून बघत होती. "अगं, ह्यो तर माझ्यावानी झाला की!" ती हसली.

मीही हसले. मग मी मागं वळून पाहिलं, तर तिचं हसू उतरलं होतं. ती स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होती.

"शोभे," ती म्हणाली, "मीच बांधून ठिवला गं तुझा हात."

"नाही आई. मलाही डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"तू करत हुतीस. मी आत ठिव म्हनाले." तिनं डोळ्यांना पदर लावला. तिचा पदर डोळ्यांपर्यंत पोचायला तिला मान खाली न्यावी लागते. मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि माझ्या बऱ्या हातानं तिचे डोळे पुसले. रूथमावशी कुंपणावरून विचारत होत्या, "काय झालं? कोन गेलं?" आणि आई ओरडली, "कोन न्हाई गेलं! तुमी कपडे वाळू घाला!"

खांद्याचं गणित

फिजिओथेरपिस्ट एक तरुण मुलगी होती. तिनं मला आधी माझा बरा हात वर करायला लावला आणि माझ्या दुसऱ्या हाताची बोटं बऱ्या बाजूच्या कॉलरबोनवर ठेवली. "काय होतंय?"

हात वर जाताना ते हाड माझ्या बोटांखाली उचललं जात होतं आणि स्वतःभोवती थोडं वळत होतं. इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं.

"हाताला धडाशी जोडणारं हाड हे एवढंच आहे, काकू," ती म्हणाली. "ते मोडलं की हाताला टेकू राहत नाही, म्हणून तुम्हाला हात जड वाटत होता. आता ते जुळलंय. पण इतके दिवस हललं नाही, म्हणून खांद्याचा सांधा आखडलाय. हाड बरं झालं. आता हात बरा करायचा आहे."

हे वाक्य मी सगळ्यांना सांगते. हाड बरं होणं आणि हात बरा होणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपोआप होतं.

हात किती ठिकाणी लागतो ते तो चालेनासा झाल्यावर कळतं. वर जाणं एकच नाही. मागं जाणं वेगळं, साडी मागून खोचायला ते लागतं. मानेवर जाणं वेगळं, ते वेणीला लागतं. बाजूला जाणं वेगळं, अंथरूण झटकायला लागतं. यातलं एक आलं की दुसरं आपोआप येत नाही. मला आधी पुढं आलं, मग बाजूला, आणि मागं नेणं तर अजून अर्धंच आहे. पदराची पिन मी अजून हाडावरच्या उंचवट्याच्या खाली लावते.

व्यायाम साधे होते आणि रडवणारे होते. वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. काठी दोन्ही हातांत धरून बऱ्या हातानं दुखऱ्याला वर ढकलायचं. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. आधी गरम पाण्याचा शेक, मग व्यायाम. दुखणं आणि ओढ यांतला फरक ओळखायला शिका. ओढ बसली तर थांबू नका. कळ आली तर थांबा.

आता आई बदलली. जी हात आत ठेव म्हणायची, तीच सकाळी चहाआधी भिंतीशी उभी. "चल. काल कुठवर गेला हुता?" माझी बोटं जिथं थांबायची तिथं ती हळदीचं बोट लावायला सांगायची, कारण तिचा स्वतःचा हात तिथं पोचत नव्हता. मी तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, "रड, पन चढव." एकदा मी खरंच रडले. तेव्हा ती माझ्या शेजारी भिंतीला लागून उभी राहिली आणि तिचीही बोटं चढवू लागली. ती बोटं छातीशीच थांबली. "बघ," ती म्हणाली, "मला कुनी भिंतीशी उभं केलं न्हाई. तुला मी केलंय. चढव."

रूथमावशींनी चर्चमध्ये माझ्या खांद्यासाठी प्रार्थना मागितली होती. त्या रोज हिशेब घ्यायला यायच्या. "कुठवर आला?"

"नाकापर्यंत."

"आज नाकाच्या वर मागते मग. पन देव भिंत चढायला न्हाई यायचा बरं का. तेवढं तुझं तू कर."

दर रविवारी हे शिरूरहून यायचे. आल्याबरोबर आईची वरची कामं करायचे. डबे काढायचे, लुगडी वाळत घालायचे. आईला जावयानं लुगडं वाळत घातलेलं बघवत नसे, म्हणून ती तेवढा वेळ घरात पाठ फिरवून बसायची. तिला न्हाऊ मात्र मीच घालत होते, एका हातानं. निम्मा साबण डोक्यात राहायचा. तिनं एकदाही तक्रार केली नाही. ही तक्रार न करणंच मला जास्त लागायचं.

प्रकाश पुन्हा आला

परीक्षा संपल्या, उन्हं तापली, आणि एका रविवारी सकाळी प्रकाशची गाडी दारात उभी राहिली. त्यानं रिकाम्या दोन बॅगा आणल्या होत्या. आईनं पिठलं-भाकरी केली होती. जेवणं झाली. बॅगांकडे कोणी बघत नव्हतं.

"ताई, हात दाखव," प्रकाश म्हणाला.

मी दाखवला. छाती ओलांडून, हनुवटी ओलांडून, कानापर्यंत गेला आणि थांबला.

"अरे वा! पुष्कळ गेला की." त्याला खरंच आनंद झाला. मग त्यानं विचारलं, "आणखी जाईल?"

"थोडा जाईल. पूर्ण जाईलच असं नाही, फिजिओथेरपिस्ट म्हणाली."

"स्कूटर?"

"गावातल्या गावात. एवढ्या लांब नको म्हणतात सगळे. मी एसटीनं येईन. पण वसतिगृहाची रविवारची पाळी आता माझ्याकडे आली आहे, म्हणून एक रविवार आड."

"आणि मधल्या रविवारी?"

कित्येक आठवडे मी सगळी मांडणी करून पाहिली होती. फळ्या खाली आणल्या होत्या. दांडी कमरेइतकी खाली बांधून घेतली होती. न्हाण्याच्या दगडासमोर माझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं, म्हणजे मला हात वर न्यावाच लागत नाही. एवढं सगळं करून मधला रविवार उरतच होता. पंधरा दिवसांत एकदा न्हाणं आईनं कबूल केलं असतं. मला ते कबूल नव्हतं.

प्रकाश हळूच म्हणाला, "आई, बॅग भरू या का?"

आई भिंतीला टेकून बसली होती. "पर्काश," ती म्हणाली, "हात वर कर."

"काय?"

"हात वर कर, बघू."

त्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"दुसरा."

त्यानं दुसरा केला.

"आता दोन्ही मानेमागं ने. असं. आता खाली आन, पाठीमागं. दुखतंय का कुठं?"

"नाही."

"कट्ट वाजलं?"

"नाही गं आई. काय चाललंय हे?"

आई माझ्याकडे वळली. "धड हायत की गं दोन्ही," ती म्हणाली. "मग मधला रविवार त्याचा."

प्रकाशचे हात अजून पाठीमागंच होते. "मी काय करणार येऊन?"

"ती करती ते."

"आई, मी न्हाऊ घालू तुला?"

"मी न्हवतं घातलं व्हय तुला? तवा तू लाजला न्हाईस."

कुंपणापलीकडून रूथमावशींच्या हसण्याचा आवाज आला. प्रकाश माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. माझ्या इतक्या याद्यांमध्ये त्याचे हात एकदाही आले नव्हते. त्यालाही ते सुचलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच घरात, याच आईच्या हाताखाली वाढलो होतो, आणि तिचं डोकं धुणं हे माझं काम आहे हे दोघंही धरून चाललो होतो.

दुपारी तो निघाला तेव्हा बॅगा रिकाम्याच गाडीत गेल्या. आईनं त्यातल्या एकीत शेवग्याच्या शेंगा भरून दिल्या.

मी आता शिरूरला घरी आहे, कामावर जाते. कोठीघराची वरची फळी एका मुलीकडून काढून घेते. भिंतीशी रोज उभी राहते. हात कानाच्या थोडा वर गेला आहे. तुमचा कदाचित पूर्ण जाईल. त्यासाठी तुम्हाला प्रेमानं बसवून ठेवणाऱ्या माणसाला एकदा तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे न्या आणि डॉक्टरांना त्याच्याशी बोलू द्या. तुमच्याशी बोलून भागत नाही.

प्रकाशच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम फोन केला नाही. दहाच्या सुमारास त्याचाच आला. मागं पाण्याचा आवाज होता आणि आई काहीतरी जोरात सांगत होती.

"ताई, लवकर सांग. शिकेकाई डोळ्यात गेली तर काय करायचं?"

"तिला म्हणावं डोळे मीट, आणि गार पाण्याचा हबका मार. कितीदा सांगितलं, मान खाली धरायची तिची."

"तिच्या नाही गं," प्रकाश म्हणाला. "माझ्या."